प्रवास कोणाला सांगायचा? : 'आम्ही' आणि 'आपण' यांतील अंतर

१

मराठी प्रवासवर्णनाची समीक्षा आजवर मुख्यतः पाहणाऱ्याची समीक्षा राहिली आहे. लेखकाची दृष्टी किती ताजी, त्याचे व्यक्तिमत्त्व किती संपन्न, स्थळाचे चित्र किती प्रत्ययकारी, माहिती आणि लालित्य यांचा मेळ किती साधला, हे तिचे नेहमीचे प्रश्न. या प्रश्नांमुळे प्रवासवर्णनाला ललित गद्याच्या दालनात मानाची जागा मिळाली, हे खरे. परंतु त्याच वेळी ऐकणारा या चर्चेतून जवळजवळ हद्दपार झाला. वस्तुतः पहिल्यांदा पाहिलेले गाव सांगणे ही क्रिया मुळात कोणा एका माणसाला उद्देशून घडते. परतलेला माणूस ओटीवर टेकतो, पाण्याचा तांब्या पुढे येतो आणि समोर बसलेला स्नेही विचारतो, 'मग, कसं काय होतं तिकडे?' सांगणाऱ्याच्या मनात जे अजून 'इकडे' आहे, ते ऐकणाऱ्याच्या लेखी 'तिकडे' असते. प्रवासकथनाचा सारा व्यवहार या दोन शब्दांमधल्या अंतरावर उभा असतो.

वॉल्टर बेंजामिनने १९३६ साली कथनकाराविषयी लिहिताना त्याची दोन मूळ रूपे कल्पिली होती : दूरचा प्रवास करून आलेला खलाशी आणि आपल्याच भूमीत राहून तिथल्या कथा जाणणारा शेतकरी. या मांडणीत लक्ष बहुधा खलाशाकडे जाते. पण खलाशाच्या गोष्टीला गोष्टपण येते ते न गेलेल्या शेतकऱ्यामुळे. जो गेला नाही, ज्याला जाता आले नाही किंवा ज्याने जाण्याचे नाकारले, त्याच्या उपस्थितीनेच काय सांगायचे आणि काय सांगण्याची गरज नाही हे ठरते. श्क्लोव्हस्कीने १९१७ मध्ये मांडलेल्या अपरिचितीकरणाच्या संकल्पनेत कलावंत परिचिताला अपरिचित करतो. मित्राला नवे ठिकाण सांगणाऱ्याचा प्रवास उलट दिशेचा असतो. त्याला अपरिचित वस्तू परिचिताच्या भाषेत आणावी लागते. मात्र ती आणताना 'परिचित' म्हणजे नेमके कोणाला परिचित, या प्रश्नाचे उत्तर त्याला द्यावेच लागते.

मराठी भाषा हा प्रश्न टाळू देत नाही. इंग्रजीतील 'वी' किंवा हिंदीतील 'हम' ऐकणाऱ्याला आत घेतो की बाहेर ठेवतो हे त्या शब्दावरून कळत नाही. मराठीत, तसेच गुजराती, तमिळ, तेलुगू या भाषांत, त्यासाठी दोन वेगळी सर्वनामे आहेत. 'आम्ही बंदरावर उतरलो' या वाक्यात मित्र नाही. 'आपल्याकडे असे बंदर नाही' या वाक्यात तो आहे. प्रवास सांगणारा मराठी माणूस क्रियापदाशी 'आम्ही' म्हणून मित्राला वगळतो आणि तुलनेच्या वेळी 'आपण' म्हणून त्याला पुन्हा जवळ घेतो. शिवाय 'आपण' हे आदरार्थी द्वितीय पुरुषाचेही रूप आहे आणि 'स्वतः' या अर्थाचेही. समोरचा, समोरच्यासह मी आणि केवळ मी, या तिन्ही शक्यता एकाच शब्दात वसतात. प्रवासवर्णनाचा कस लागतो तो या शब्दापाशी. सांगणाऱ्याचे 'आपण' प्रवासातून अखंड परत येते की त्याला तडा जातो, आणि तडा गेल्याचे तो मित्रापासून लपवतो की त्याच्यासमोर ठेवतो, हा या वाङ्मयप्रकाराचा मध्यवर्ती प्रश्न मानला पाहिजे.

२

या दृष्टीने १८८३ हे वर्ष लक्षणीय ठरते. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी आपल्या उत्तरेच्या प्रवासाची हकीकत लिहिली ती याच सुमारास. बायजाबाई शिंदे यांनी योजिलेल्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने १८५७ मध्ये घर सोडलेला हा गरीब भिक्षुक बंडाच्या वणव्यात सापडला, झाशीचा वेढा त्याने आतून पाहिला आणि पैशाऐवजी गंगेची कावड घेऊन तो घरी परतला. हे सारे त्याने लिहून काढले ते चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून. 'माझा प्रवास' या नावाने ते पुस्तकरूपात आले १९०७ साली, वैद्यांच्या संपादनाखाली. मूळ हस्तलिखितावर आधारलेली संहिता दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केली ती १९६६ मध्ये.

या संहितेचा इतिहास म्हणजे श्रोत्याने कथनावर सांगितलेल्या हक्काचा इतिहास आहे. ऐकणाऱ्याला बंडाची हकीकत हवी होती. सांगणाऱ्याच्या जीवनाचा अर्थ मात्र तीर्थयात्रेत, कुटुंबाच्या कर्जात आणि वडीलधाऱ्यांना घातलेल्या गंगास्नानात होता. या दोन अपेक्षांच्या ओढाताणीतून 'माझा प्रवास'ची वीण तयार झाली आहे. राजकीय घटनांच्या शेजारी स्वयंपाकाचे, दानदक्षिणेचे, वाटमारीचे तपशील येतात. त्यांना पाल्हाळ म्हणणे चुकीचे होईल. श्रोत्याने न मागितलेले, पण सांगणाऱ्याने सोडून न दिलेले असे ते आहेत. तरीही गोडसे भटजींचे 'आपण' सुरक्षित आहे. यजमान आणि भिक्षुक एकाच धर्मव्यवस्थेत उभे आहेत. कोणते स्थळ पवित्र, कोणते अन्न ग्राह्य, कोणते मरण भयंकर याविषयी त्यांच्यात मतभेद संभवत नाही. प्रवासाने भटजींना लुबाडले, भयभीत केले, पण त्यांना ऐकणाऱ्यापासून वेगळे केले नाही.

३

त्याच वर्षी छापल्या गेलेल्या दुसऱ्या एका मराठी मजकुराची गोष्ट नेमकी उलट आहे. २० एप्रिल १८८३ रोजी पंडिता रमाबाई आपली लहान मुलगी मनोरमा आणि मैत्रीण आनंदीबाई भगत यांच्यासह मुंबईहून इंग्लंडला निघाल्या. रमाबाई तेव्हा जवळजवळ पंचवीस वर्षांच्या होत्या. आई, वडील आणि बहीण दुष्काळाच्या हलाखीत गेलेली, ज्याच्याबरोबर देशभर पायी भटकंती केली तो भाऊ गेलेला, पती बिपिनबिहारी मेधावी यांचे निधन १८८२ मधले. पुण्यात त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला होता आणि 'स्त्रीधर्मनीति' प्रसिद्ध केले होते. इंग्लंडमधून त्यांनी प्रार्थना समाजातील आपले स्नेही सदाशिव पांडुरंग केळकर यांना जे दीर्घ पत्र लिहिले, ते केळकरांनी १८८३ मध्येच 'इंग्लंडचा प्रवास' म्हणून छापून प्रसिद्ध केले.

हे पत्र प्रवासवर्णनाच्या इतिहासात 'आरंभीचा एक प्रयत्न' म्हणून नोंदवून पुढे जाण्याची प्रथा आहे. असे केल्याने त्याचे पत्रपण हरवते. पत्र म्हणजे एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीसमोर स्वतःला उभे करणे. रमाबाईंच्या पत्रात वाटेवरच्या प्रवासाच्या वर्णनाबरोबर निघण्याच्या निर्णयाचा खुलासाही आहे, तो याच कारणाने. तरुण विधवेने, तेही मूल बरोबर घेऊन, समुद्र ओलांडून जाणे ही त्या काळी केवळ नवलाची गोष्ट नव्हती, जाब विचारण्याजोगी गोष्ट होती. त्यामुळे आगबोटीचे, समुद्राचे, परक्या बंदराचे वर्णन या पत्रात कधीच निव्वळ वर्णन राहू शकत नाही. 'मी हे पाहिले' या प्रत्येक विधानामागे 'ते पाहण्याचा मला अधिकार होता' हे दुसरे, न लिहिलेले विधान उभे असते. पुरुष प्रवाशाला पहिले विधान पुरते. रमाबाईंना दुसऱ्याशिवाय पहिले करता येत नाही.

केळकर हे या पत्राचे श्रोते असणे म्हणूनच महत्त्वाचे. ते सनातनी नाहीत. समुद्रगमनाला पाप मानणाऱ्यांपैकी ते नव्हेत. पण सुधारकांच्या ज्या मंडळाने रमाबाईंना पुण्यात बोलावले, मान दिला, त्या मंडळाच्याही काही अपेक्षा होत्या, आणि त्यांतली सर्वांत मोठी न बोललेली अपेक्षा ही की रमाबाई जशा गेल्या तशाच परत येतील. मित्र अनुकूल आहे, पण त्याची अनुकूलता अटींसह आहे. अशा मित्राला सांगणे शत्रूला सांगण्यापेक्षा अवघड असते. शत्रूशी वाद घालता येतो. मित्राला मात्र विश्वासात घ्यावे लागते, आणि ज्या गोष्टीवर त्याचा विश्वास बसणार नाही ती कोठे थांबवायची हेही ठरवावे लागते.

याच वर्षी, २९ सप्टेंबर रोजी, रमाबाईंनी वाँटेज येथे मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. आनंदीबाई भगत यांचा अंत त्यापूर्वीच तिथे आत्महत्येने झाला होता. तीन जणींच्या प्रवासाचे 'आम्ही' असे परदेशात मोडले, आणि घरच्या स्नेह्यांशी असलेले 'आपण' धर्मांतराच्या वार्तेने मोडले. छापील पत्र वाचकांच्या हाती तसेच राहिले, पण त्यात बोलणारी व्यक्ती त्यांच्या लेखी बदलली. जो मजकूर 'आपल्यातली एक स्त्री तिकडचे सांगते आहे' म्हणून वाचायचा, तो 'आपल्यातून गेलेली एक स्त्री' म्हणून वाचला जाऊ लागणे अपरिहार्य होते. संहितेतील एक अक्षरही न बदलता तिच्यातील सर्वनामाचा अर्थ फिरावा, असे हे दुर्मीळ उदाहरण आहे. इंग्रजी अनुवादात हा पेच अर्धाअधिक नाहीसा होतो, कारण तिथे 'आम्ही' आणि 'आपण' दोन्ही एकाच 'वी'मध्ये मुरतात.

रमाबाईंच्या पुढच्या प्रवासग्रंथाकडे या प्रकाशात पाहिले पाहिजे. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि पुढे जवळजवळ तीन वर्षे अमेरिकेत हिंडल्या. १८८९ मध्ये मायदेशी परतल्यावर ११ मार्चला मुंबईत त्यांनी शारदा सदन सुरू केले आणि त्याच वर्षी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' प्रसिद्ध झाले. शीर्षकातला क्रम बोलका आहे : आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त. पत्रात प्रवास आघाडीवर होता. ग्रंथात तो मागे सरला आणि राज्यव्यवस्था, शिक्षण, गृहस्थिती, स्त्रियांची अवस्था ही प्रकरणे पुढे आली. याचे स्पष्टीकरण केवळ लेखिकेच्या वाढत्या व्यासंगात शोधणे अपुरे आहे. १८८३ मध्ये तिच्याजवळ एक मित्र होता, १८८९ मध्ये तिच्यासमोर एक समाज होता आणि तो साशंक होता. मित्राला 'मी काय पाहिले' हे सांगता येते. साशंक समाजाला 'तिथे काय आहे' हे सांगावे लागते. बोलणाऱ्या व्यक्तीवर विश्वास उरला नसेल, तर वस्तुस्थितीलाच बोलते करावे लागते. 'लोकस्थिती' या शब्दामागे असा एका तुटलेल्या मैत्रीचा इतिहास आहे.

४

विसाव्या शतकात मराठी प्रवासवर्णन ललित निबंधाच्या जवळ आले. अनंत काणेकरांच्या 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०) पासून या वळणाची खूण सांगितली जाते. लंडनच्या धुक्यापासून रशियाच्या ताऱ्यापर्यंतची दिशा शीर्षकातच आहे, आणि तीत एका पिढीची वैचारिक ओढही आहे. गंगाधर गाडगीळांचे 'साता समुद्रापलीकडे' (१९५९) आणि पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' (१९६०) यांनी या प्रकाराला विस्तृत वाचकवर्ग मिळवून दिला. या टप्प्यावर श्रोत्याचे स्थान मुळापासून बदलले. नाव-पत्ता असलेल्या स्नेह्याच्या जागी अनाम वाचक आला, आणि लेखकाने आपल्या शैलीच्या बळावर त्याला मित्र बनवून घेतले.

'अपूर्वाई'चे यश या कौशल्यात आहे. निघण्यापूर्वीची धांदल, आप्तेष्टांचे सल्ले, परक्या रीतिभातींपुढे उडणारी तारांबळ, या साऱ्यांतून निवेदक स्वतःला वाचकापेक्षा जराही मोठा होऊ देत नाही. विलायतेला जाऊन आलेल्या माणसाभोवती पूर्वी जे वलय असे, ते त्याने हसत हसत काढून टाकले. न गेलेल्या वाचकाला कमीपणा वाटू नये ही त्यामागची सभ्यता खरी आहे, आणि तिचे मोल मानलेच पाहिजे. पण या सभ्यतेची एक किंमत होती. 'आपल्याकडे' हा शब्द आता सिद्ध करण्याची गरज उरली नाही. कोणत्या घराला, कोणत्या जेवणाला, कोणत्या गाण्याला 'आपले' म्हणायचे याविषयी लेखक-वाचकांचा करार आधीच झालेला होता. हा करार शहरी, शिक्षित, मुख्यतः उच्चवर्णीय मध्यमवर्गाचा होता. गोडसे भटजींचे 'आपण' धर्मव्यवस्थेने सांभाळले, 'अपूर्वाई'चे वर्गीय संस्कृतीने. दोहोंतही स्थळ नवे आहे, पण 'आपण' जुनेच आहे.

'अपूर्वाई'च्या मागून आलेल्या असंख्य प्रवासवर्णनांत हा करार सवयीचा झाला. विनोद उरला नाही, गृहीत मात्र उरले. नायगारा, आयफेल मनोरा, टेम्सचा पूल, प्रत्येक ठिकाणी एक उद्गार, एक तुलना, एक गहिवर. अशा लेखनाला कंटाळवाणे ठरवताना समीक्षेने दृष्टीच्या तोकडेपणावर बोट ठेवले. खरा तोकडेपणा श्रोत्याचा होता. जो काहीही ऐकून मान डोलावणार हे आधीच ठाऊक आहे, त्याला सांगण्यासारखे फारसे काही उरत नाही.

५

नव्या ठिकाणासाठी समुद्र ओलांडावाच लागतो असे नाही. इरावती कर्वे यांच्या 'परिपूर्ती' (१९४९) या संग्रहातील 'वाटचाल' हा लेख पंढरीच्या वाटेवरचा आहे. वारीची वाट ज्या समाजात घराघरांत ठाऊक आहे, त्या समाजातल्या वाचकाला ती 'नवी' म्हणून सांगणे हेच एक धाडस. ज्या मुलखातले लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी महाराष्ट्राची व्याख्या इरावतीबाईंना या वाटेवर सुचली, हे सर्वश्रुत आहे. ही व्याख्या म्हणजे 'आपण' या सर्वनामाचा कदाचित सर्वांत विशाल विस्तार. पण त्याच लेखात एकाच दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे वेगळे शिजवतात, वेगळे जेवतात, आणि ते वेगळेपण लेखिकेला सलत राहते. एकाच लेखात 'आपण' सर्वांत मोठे होते आणि तिथेच ते पंगतीपाशी फाटते. लेखिका दोन्ही गोष्टी वाचकासमोर ठेवते आणि कोणतीही एक निवडून त्याला दिलासा देत नाही. या लेखाचे बळ या नकारात आहे.

दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) रूढ अर्थाने प्रवासवर्णन नव्हे. पण गावचा महारवाडा आणि मुंबईचा कावाखाना यांमधल्या ये-जा करणाऱ्या या आत्मकथनाची रचना प्रस्तुत प्रश्नावर वेगळाच प्रकाश टाकते. तिथे दगडू मारुती पवार सांगतो आणि दया पवार ऐकतो. सांगणारा आणि ऐकणारा एकाच माणसाची दोन रूपे आहेत. वाचकवर्गात आधीच बांधलेले जे 'आपण' होते, त्यात या अनुभवाला जागा नव्हती. म्हणून श्रोता स्वतःतूनच निर्माण करावा लागला. 'आपण' म्हणजे 'स्वतः', हा या सर्वनामाचा तिसरा अर्थ इथे संरचनेचे तत्त्व बनतो. मराठी वाचकाला या संवादाजवळ बसून तो ऐकण्याची मुभा आहे. आपण आमंत्रित श्रोते नव्हतो, हे त्याला पहिल्या पानापासून जाणवते, आणि ते जाणवणे हाच त्याच्यासाठी नव्या ठिकाणाचा पहिला अनुभव ठरतो.

६

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. श्रोत्याला इतके महत्त्व दिल्यास स्थळाचे स्वायत्त अस्तित्वच नाकारले जाते, लंडन काय आणि पंढरपूर काय, सारी ठिकाणे मैत्रीची निमित्ते ठरतात, असे म्हणता येईल. आक्षेपात तथ्य आहे. स्थळाविषयी बेफिकीर असलेले प्रवासवर्णन मित्रालाही फसवते. परंतु स्थळाच्या वेगळेपणाची खरी साक्ष कोणती? तिथल्या इमारतींची उंची व रस्त्यांची रुंदी ही नव्हे. त्या स्थळाने सांगणाऱ्याच्या 'आपण'वर काही परिणाम केला का, ही ती साक्ष. स्थळ स्वायत्त आहे म्हणूनच ते मैत्रीला धोका पोहोचवू शकते. वाँटेजने रमाबाईंच्या बाबतीत तो पोहोचवला. जे ठिकाण पाहून आल्यावर जुन्या मित्राशी बोलताना एकही शब्द अडत नाही, ते ठिकाण पाहिले गेलेच नाही असे म्हणण्यास हरकत नाही.

आज हा प्रश्न अधिक टोकदार झाला आहे. प्रवासी पोहोचण्याआधीच मित्राने ते ठिकाण भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाहिलेले असते. रमाबाईंचे पत्र ज्या माहितीसाठीही वाचले गेले असेल, ती माहिती देण्याचे काम प्रवासवर्णनाकडे उरलेले नाही. त्यामुळे हा वाङ्मयप्रकार संपला असे अनेकदा म्हटले जाते. प्रत्यक्षात संपला आहे तो त्याचा आनुषंगिक व्यवहार. 'कसं होतं तिकडे?' हा प्रश्न मित्र अजूनही विचारतो, आणि तो इमारतीविषयी विचारत नाही हे आता स्पष्ट झाले आहे. 'तू गेलास तसाच आलास का?' असे तो विचारतो. परदेशी स्थिरावलेला मराठी माणूस बोलता बोलता एके दिवशी तिथल्या हिवाळ्याला 'आमच्याकडचा' म्हणतो आणि गावच्या घराला 'तुमच्याकडचे'. त्या क्षणी पलीकडे जी शांतता पसरते, तिचे वर्णन मराठीत अद्याप पुरेसे झालेले नाही.

ते व्हायचे असेल, तर प्रवासवर्णनाच्या लेखकाने वाचकाला मित्र म्हणून गृहीत धरणे सोडून त्याला मित्राचे हक्क दिले पाहिजेत : शंका घेण्याचा, न पटल्याचे सांगण्याचा, आणि गेलेल्याला परत आलेला न मानण्याचाही. सदाशिव पांडुरंग केळकरांना ते हक्क होते. म्हणून त्यांना लिहिलेल्या पत्रात आजही एक ताण जाणवतो, जो पुढच्या शेकडो देखण्या प्रवासवर्णनांत आढळत नाही. नवे ठिकाण सांगताना सांगणाऱ्याजवळ गमावण्यासारखे काही असावे लागते. बहुधा ते समोर बसलेल्या माणसाच्या रूपात असते.